न बोलावता सुरू होणारे

पडद्यावर डेस्कटॉप दिसणे आणि संगणक हाताशी येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे घरातला जुना संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पासवर्ड टाकला जातो, चित्र येते, आयकॉन येतात, कोपऱ्यातले घड्याळही दिसू लागते. पण ब्राउझर उघडायला जावे तर निळे वर्तुळ फिरत राहते, आणि अधीर होऊन पुन्हा पुन्हा क्लिक केले की काही वेळाने एकदम तीन खिडक्या उघडतात. या मधल्या काळात संगणक रिकामा बसलेला नसतो. तो कामातच असतो, फक्त ते काम आपण सांगितलेले नसते.

मग ते सांगितलेले असते कोणी? थोडे विंडोजने, थोडे आपण समजून उमजून बसवलेल्या प्रोग्रॅमनी, आणि बरेचसे अशा मंडळींनी, ज्यांची गरज आपल्याला वर्षातून एखाद्या वेळी पडते, परंतु ज्यांनी स्वतःच ठरवून टाकलेले असते की आपण रोज हजर असलेच पाहिजे. आमच्या घरच्या संगणकावर त्यांत प्रिंटरची शाई मोजणारा होता, बहुधा केव्हाच विकून टाकलेला फोन जोडला जाण्याची वाट पाहणारा होता, मुलाच्या गेमचा लाँचर होता, टाळेबंदीतल्या ऑनलाइन वर्गांसाठी बसवलेले व्हिडिओ कॉलचे प्रोग्रॅम होते, आणि पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली का हे पाहत राहणारा त्याचा सोबती होता. यांतला एकही दुष्ट म्हणावा असा नव्हता. एकेकटा पाहिला तर जडही नव्हता.

त्रास होतो तो सगळे एकाच वेळी सुरू होतात म्हणून. आमचा संगणक असेंबल केलेला, चार जीबी रॅमचा आणि फिरत्या हार्ड डिस्कचा. अशा डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडे जास्त, आणि त्याआधी वाचणारा हात योग्य पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचे झाले, तर अशी डिस्क सेकंदाला शंभर वेळासुद्धा वाचू शकत नाही. पंगतीत वाढपी एकच असावा आणि शंभर पानांवरून त्याला एकदम हाका याव्यात, तशी तिची अवस्था होते. प्रत्येकाला हवे असते थोडेसेच, पण वाढप्याचा सगळा वेळ इकडून तिकडे धावण्यात जातो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्याखाली शंभर टक्के दिसत असताना प्रत्यक्ष वाचल्या जाणाऱ्या माहितीचा वेग सेकंदाला एक-दोन एमबीच का असतो, याचे कोडे मला हे समजल्यावर सुटले. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्यामुळे ती अशा हाका हजारोंनी झेलते, आणि म्हणूनच नव्या संगणकांवर हेच सगळे प्रोग्रॅम असूनही कोणाच्या लक्षात येत नाहीत. लक्षात येत नाहीत म्हणजे नसतात, असे मात्र नाही.

पाहायला सुरुवात करायची ती टास्क मॅनेजरपासून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. डेव्हिड प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने तो आपल्या घरी, फावल्या वेळात लिहिला, आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून तो विंडोजचा भाग झाला. ते साधन मला अजूनही प्रामाणिक वाटते, कारण त्यात काही विकायला ठेवलेले नाही. पण ते वाचता यावे लागते, आणि न वाचता येणाऱ्याला त्यातली पहिलीच ओळ घाबरवते. तपशिलाच्या यादीत ‘सिस्टीम आयडल प्रोसेस’ नावाची एक नोंद नव्वदहून अधिक टक्के प्रोसेसर घेऊन बसलेली दिसते, आणि आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ती बंद कशी करायची हे मला अत्यंत काळजीने विचारले होते. ती बंद करता येत नाही, कारण ती म्हणजेच प्रोसेसरला काम नसण्याची नोंद. तो आकडा जितका मोठा तितके बरे.

दुसरा घाबरवणारा म्हणजे ‘एसव्हीसीहोस्ट’. यादीत त्याच्या ओळीच ओळी असतात, आणि इतक्या वेळा तेच नाव दिसले की माणसाला व्हायरसची शंका येते. वस्तुतः विंडोजच्या अनेक सेवा, म्हणजे खिडकी न उघडता मागे चालणारी कामे, स्वतंत्र प्रोग्रॅम नसतात, त्या या यजमान प्रोग्रॅमच्या आत चालतात. पूर्वी एकेका यजमानाच्या आत बऱ्याच सेवा दाटीवाटीने राहत असत. २०१७ च्या विंडोज १० च्या सुधारणेपासून, संगणकात साडेतीन जीबीहून अधिक रॅम असेल तर, त्यांतल्या बहुतेकांना वेगळे बिऱ्हाड मिळाले, म्हणजे एक कोलमडली तरी बाकीच्या उभ्या राहाव्यात. त्यामुळे यादी एकाएकी लांबली, पण आत नवे कोणीच आले नव्हते. अशा ओळीवर उजवे क्लिक करून ‘गो टू सर्व्हिसेस’ निवडले की आत कोणती सेवा आहे ते दिसते. शंकाच घ्यायची असेल तर ती जागेवरून घ्यावी. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टीम ३२ या फोल्डरातून चालतो. त्याच नावाचा, किंवा एखाद्या अक्षराची अदलाबदल केलेला प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरातून चालताना दिसला, तर मात्र स्वस्थ बसू नये.

‘एंड टास्क’ या बटणाने पुष्कळांचा भ्रमनिरास केलेला आहे. ते चालू प्रोग्रॅमला त्या क्षणापुरते थांबवते, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा हजर असतो. त्याला रोज उठवणारी नोंद वेगळ्याच ठिकाणी असते, आणि ती जागा एकच असती तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या काळात ती खरोखरच जवळपास एकच होती. ऑटोएक्सेक डॉट बॅट नावाची साधी मजकुराची फाइल असे, संगणक सुरू होताना काय काय सुरू करायचे ते तीत ओळीने लिहिलेले असे, आणि ती उघडून वाचली की आपल्या यंत्राची सकाळ कशी सुरू होते ते एका पडद्यावर दिसे. प्रोग्रॅमना वावरायला ६४० केबी इतकीच जागा असल्यामुळे मागे काय ठेवायचे याचा हिशेब वापरणाऱ्याला स्वतःच करावा लागे. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही, कारण ती फाइल बिघडली की काय होत असे तेही मी पाहिलेले आहे. पण जो मालक होता त्याला यादी वाचता येत होती, ही गोष्ट खरी.

आता हीच यादी विखुरलेली आहे. स्टार्टअप नावाचे एक फोल्डर प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे आणि एक सर्वांसाठीचे. रजिस्ट्रीमधल्या, म्हणजे विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीतल्या, ‘रन’ या नोंदी, त्याही तशाच दोन जागी. त्याखेरीज सेवांची यादी, आणि ठरावीक वेळी किंवा ठरावीक घटनेनंतर कामे उरकणारा टास्क शेड्यूलर. टास्क मॅनेजरचा स्टार्टअपचा विभाग, जो विंडोज ८ पासून तिथे आला, त्यांतला पहिला थर तेवढा दाखवतो. त्यात प्रत्येक नावापुढे सुरुवातीच्या वेळी पडणारा भार ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा लिहिलेला असतो, आणि हा शेरा मोघम वाटला तरी मागे नेमका हिशेब आहे: सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ किंवा डिस्कचे तीन एमबीहून अधिक काम घेणारा प्रोग्रॅम ‘हाय’ ठरतो. सेवा आणि शेड्यूलरमधली कामे या विभागात दिसतच नाहीत.

आमच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमने मला हे थर एकेक करून दाखवले. स्टार्टअपच्या यादीत तो ‘डिसेबल’ केला, आणि तेवढ्याने काम झाले असे वाटले. काही दिवसांनी शाई कमी झाल्याची आणि कंपनीचीच शाई विकत घेण्याची सूचना उजव्या कोपऱ्यात पुन्हा झळकली. सेवांच्या यादीत त्याच्याच नावाची एक सेवा ‘ऑटोमॅटिक’ म्हणून उभी होती. ती ‘मॅन्युअल’ केली. तरीही तो परत आला, तेव्हा टास्क शेड्यूलर उघडला. तिथे कोणी लॉग-इन केले की चालवायचे एक काम होते आणि त्याचे वर्णन ‘ग्राहक सहभाग’ अशा अर्थाचे काहीतरी होते. कागदावर अक्षरे उमटवण्यासाठी यांतल्या एकाही गोष्टीची गरज नव्हती. तिन्ही बंद केल्यावर प्रिंटर पूर्वीइतकाच छापतो, कारण छपाईला लागणारा ड्रायव्हर वेगळा आणि त्याच्या आडोशाने आलेली ही मंडळी वेगळी.

असे सगळे थर एका ठिकाणी पाहायचे असतील तर ‘ऑटोरन्स’ हे साधन वापरावे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६ पासून जी साधने लिहून लोकांना फुकट वाटली त्यांतले ते एक. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी घेतली आणि आज ती साधने मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर मोफत मिळतात. ते पहिल्यांदा उघडल्यावर दडपण येते, इतक्या जागा असतात. पण मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याची सोय त्यात आहे, ती वापरली की बाहेरून आलेले तेवढे उरतात, आणि ती यादी माणसाच्या आवाक्यातली असते.

याच रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी एक गोष्ट उघड केली, जिच्यापुढे प्रिंटरची लुडबुड किरकोळ वाटावी. आपल्या संगणकावर लपलेल्या फाइली त्यांना आढळल्या, आणि मागोवा घेत गेल्यावर त्या रीतसर विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीतून आलेल्या निघाल्या. सोनी बीएमजीने नक्कल रोखण्यासाठी सीडीत घातलेला हा प्रोग्रॅम स्वतःला तर लपवत होताच, शिवाय नाव ठरावीक खुणेने सुरू होणारी कोणतीही फाइल लपवत होता, म्हणजे दुसऱ्या चोरालाही आयता आडोसा देत होता. तो सतत मागे चालत असे, आणि अडाणीपणे काढायला गेले तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा होई. ओरड झाली, खटले झाले, कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर विकतानाच बसवून दिलेल्या सुपरफिशचे प्रकरण गाजले. तो वेब पानांमध्ये जाहिराती घुसवत असे, आणि सुरक्षित पानांतही त्या घुसवता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळांच्या ओळखीवर विश्वासाचा शिक्का मारणारे प्रमाणपत्र, बसवले होते, ज्याची गुप्त किल्ली सगळ्या यंत्रांवर एकच होती. ती बाहेर पडायला वेळ लागला नाही. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केल्यावरही ते प्रमाणपत्र मागे राहत होते, हे मला त्यातले सर्वांत वाईट वाटते.

या दोन्ही गोष्टींत आणि आमच्या प्रिंटरमध्ये फरक प्रमाणाचा आहे हे मान्य. पण तिन्हींची येण्याची वाट एकच आहे. आपण मागितलेल्या वस्तूच्या पाठीशी न मागितलेले काहीतरी येते, आणि संमती म्हणून आपण न वाचलेला एखादा करार किंवा आधीच टिक केलेला एखादा चौकोन दाखवता येतो. जावा अद्ययावत करताना आस्क टूलबारचा, म्हणजे ब्राउझरला चिकटणाऱ्या एका शोधपट्टीचा, चौकोन आधीच टिक केलेला असे, हे अनेकांना आठवत असेल. त्या टूलबारच्या जुन्या आवृत्त्यांना खुद्द मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये नकोशा सॉफ्टवेअरच्या यादीत टाकले. २०११ च्या अखेरीस तर डाउनलोडच्या एका नामांकित संकेतस्थळाने एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमभोवती स्वतःचे वेष्टन गुंडाळून त्यातून टूलबार वाटायला सुरुवात केली, आणि एनमॅपच्या लेखकालाच जाहीरपणे त्याविरुद्ध बोलावे लागले. तेव्हापासून मी कोणताही प्रोग्रॅम त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घेते आणि बसवताना ‘कस्टम’ हा पर्याय उघडून पाहते. दोन मिनिटे जातात.

इथवरचे सगळे वाचून जो निष्कर्ष सहज सुचतो तोच आमच्या कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांना सुचला. एक व्हिडिओ पाहून त्याने एका रात्री स्टार्टअपमधले सगळे आणि सेवांमधले मायक्रोसॉफ्टचे नसलेले सगळे बंद करून टाकले, आणि संगणक खरोखरच झपाट्याने सुरू होऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा, म्हणजे माझे सासरे, दिवाळी अंकासाठीचा लेख टाइप करायला बसले, तेव्हा देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची रांग उमटली. “सूनबाई, माझे मराठी कुठे गेले?” हा त्यांचा प्रश्न. दुपारी धाकटे दीर आले. ते करसल्लागार आहेत, आणि स्वतःचा लॅपटॉप दुरुस्तीला असला की आमच्या संगणकावर विवरणपत्रे भरतात. “वहिनी, पोर्टल सहीच घेत नाहीये, काही बदललेत का?” ही त्यांची तक्रार.

भाऊजींचे कारण सरळ होते. डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे सही साठवलेली पेनड्राइव्हसारखी वस्तू, यूएसबीला लावलेले असले तरी ब्राउझरला सुरक्षेच्या कारणास्तव त्याच्याशी थेट बोलता येत नाही. म्हणून एक छोटा प्रोग्रॅम संगणकावरच मागे बसून राहतो, संगणकाच्या स्वतःच्या अंतर्गत पत्त्यावर कान लावतो, ब्राउझरकडून सही करण्याचा निरोप आला की टोकनकडून सही घेतो आणि परत देतो. तो चालू नसेल तर पोर्टलच्या दृष्टीने टोकन अस्तित्वातच नाही. तपशील माहीत नसलेल्याने हा प्रोग्रॅम पाहिला, तर अनोळखी नाव, प्रशासकाचे अधिकार आणि सतत काहीतरी ऐकत बसणे ही त्याची लक्षणे दुष्ट प्रोग्रॅमचीच वाटतील.

आप्पांचा प्रोग्रॅम याहून विचार करायला लावणारा आहे. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्याआधीच्या पिढीतला. कळफलकावर कळ दाबली की तो निरोप विंडोजकडून समोरच्या खिडकीकडे जातो. हा प्रोग्रॅम त्या वाटेवर मध्येच उभा राहतो, कळ अडवतो, आणि तिच्या जागी जुन्या फॉन्टमधल्या अक्षरखुणेचा क्रमांक पुढे पाठवतो. म्हणून वर्ड असो की पेजमेकर, सगळीकडे मराठी उमटते. आता, प्रत्येक खिडकीत दाबली जाणारी प्रत्येक कळ मधल्या मध्ये पकडणे हेच काम पासवर्ड चोरणारा की-लॉगरही करतो. दोघांची बसण्याची जागा तीच, विंडोजकडून घेतलेली सवलत तीच. की-लॉगर पकडलेली कळ साठवून बाहेर धाडतो आणि हा तिचे देवनागरी करून परत देतो, एवढाच भेद, आणि तो बाहेरून पाहणाऱ्याला चटकन दिसत नाही. अशा जुन्या मराठी प्रोग्रॅमवर अँटिव्हायरस अधूनमधून संशय घेतात याचे मला आता नवल वाटत नाही.

आप्पांनी नव्या पद्धतीकडे वळावे असे सुचवणे सोपे आहे. देवनागरी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक विंडोज २००० पासून विंडोजमध्येच आहे, आणि २०१९ पासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही त्यात मिळतो, आणि या दोन्हींसाठी वेगळा प्रोग्रॅम मागे चालवावा लागत नाही. पण आप्पांची बोटे मराठी टाइपरायटरवर बसलेली आहेत, त्यांचा आजवरचा सगळा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे, आणि त्यांच्या गावाकडच्या मुद्रकाला फाइल त्याच फॉन्टमध्ये हवी असते. त्यांच्या बाजूने पाहिले तर संगणक म्हणजेच तो मागचा प्रोग्रॅम. पुढचे सगळे नकोसे. आणि मुलाच्या बाजूने पाहिले तर तोच प्रोग्रॅम गेममध्ये कळा अडवणारा शत्रू.

‘नकोसा प्रोग्रॅम’ ही गोष्ट प्रोग्रॅमच्या अंगी नसते, हे या प्रकरणाने माझ्या मनात पक्के केले. खरे दुष्ट प्रोग्रॅम सोडले, तर बाकी सर्वांना एकच प्रश्न विचारण्यासारखा असतो: तुला कोणी बोलावले आहे, आणि कधीसाठी? बहुतेक प्रोग्रॅम या प्रश्नाचे उत्तर ‘सगळ्यांनी, नेहमीसाठी’ असे स्वतःच देऊन टाकतात, कारण बसवताना त्यांच्या लेखकांनी संगणक एका माणसाचा असतो आणि त्या माणसाला सर्वाधिक प्रिय आपलाच प्रोग्रॅम असतो, असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे घरचा संगणक अजूनही चार जणांचा असतो. ते गृहीतच मोडायला हवे होते.

ते मोडले विंडोजमध्येच असलेल्या, पण घराघरांत क्वचित वापरल्या जाणाऱ्या सोयीने. आम्ही प्रत्येकासाठी वेगळे खाते तयार केले. ‘रन’ या आज्ञा टाइप करण्याच्या छोट्या खिडकीत ‘शेल’, त्यानंतर अपूर्णविराम आणि पुढे ‘स्टार्टअप’ असे इंग्रजीत टाकले की ज्या खात्यात आपण असू त्याचे स्वतःचे स्टार्टअप फोल्डर उघडते. आप्पांच्या मराठीचा शॉर्टकट सर्वांसाठीच्या फोल्डरातून काढून त्यांच्या फोल्डरात ठेवला. आता ते लॉग-इन करतात तेव्हाच तो सुरू होतो. गेमचा लाँचर मुलाच्या खात्यात गेला. भाऊजींच्या सहीचा प्रोग्रॅम कोणासाठीच आपोआप सुरू होत नाही. डेस्कटॉपवर त्याचे चिन्ह आहे, विवरणपत्र भरायच्या दिवशी ते त्यावर क्लिक करतात आणि काम झाले की बंद करतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते. काम संपल्यावर ‘साइन आउट’ करायचे. नुसते ‘स्विच यूजर’ केले तर आधीच्याचे सगळे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात, आणि चार खात्यांचे मिळून पूर्वीपेक्षा वाईट होते.

व्हिडिओंमधल्या सल्ल्यांविषयी थोडे बोलले पाहिजे. त्यांत हमखास बंद करायला सांगतात त्या तीन गोष्टी विंडोजच्या स्वतःच्या असतात: वारंवार लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सिसमेन, जिला पूर्वी सुपरफेच म्हणत, शोध झटपट लागावा म्हणून फाइलींची सूची करणारी सेवा, आणि डिफेंडरचा अँटिव्हायरस. फिरत्या डिस्कवर पहिल्या दोघी कधी कधी खरोखर घोळ घालतात, आणि त्या बंद केल्याने कोणाचे घर बुडत नाही. डिफेंडर बंद करायला सांगणाऱ्याचे मात्र पुढचे काही ऐकू नये. रजिस्ट्री ‘साफ’ करून वेग वाढवण्याचे वचन देणाऱ्या प्रोग्रॅमपासूनही मी दूर राहते. अशा साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेले आहे, आणि मागे चालणाऱ्यांना हटवण्यासाठी आणखी एक मागे चालणारा आणायचा यात शहाणपण दिसत नाही. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या अत्यंत लोकप्रिय सफाईवाल्याच्या अधिकृत आवृत्तीतच कोणीतरी दुष्ट कोड घुसवला होता, आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार लोकांच्या संगणकांवर पोहोचली होती. ज्यांनी ती घेतली त्यांची काहीच चूक नव्हती.

खऱ्या संसर्गाचा संशय असेल तर भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २०१७ पासून चालवलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधने मिळतात. संगणक रिकामा असताना पंखा घोंघावत असेल आणि टास्क मॅनेजर उघडताच तो आवाज बसत असेल, तर तुमच्या विजेवर कोणी दुसराच आभासी चलन काढत असण्याची शक्यता असते. असे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडल्याची चाहूल लागताच गप्प होतात.

आपल्या घरांतली आणखी एक सवय या विषयाशी जोडलेली आहे, ती म्हणजे रात्री संगणक बंद करून भिंतीवरच्या बोर्डाचे बटणही बंद करणे. त्यामुळे सकाळी सगळे नव्याने सुरू झाले असा समज होतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुधा चालूच असते, आणि ती असताना ‘शट डाउन’ केले की वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, ड्रायव्हर आणि सेवा जशा होत्या तशा डिस्कवर लिहून ठेवल्या जातात आणि सकाळी तशाच उचलल्या जातात. बटण बंद असले तरी फरक पडत नाही. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘अप टाइम’ पाहावा. रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकावर तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. अडकून पडलेली एखादी सेवा खरोखर नव्याने सुरू करायची असेल तर ‘रीस्टार्ट’च करावे लागते. संगणक दुरुस्त करणारी मंडळी फोनवर आधी हेच का सांगतात, ते यावरून कळते.

मधल्या काळात आम्ही हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली, आणि वेगाचा प्रश्न जवळजवळ मिटला. मुलाचे म्हणणे असे की आता याद्या तपासण्याचे कारणच नाही. मला ते पटत नाही. वेग परत आला म्हणून अनोळख्याला घरात राहू द्यावे असे होत नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपल्यापासून तर आमच्यासारख्या जुन्या यंत्रांवर काय चालू आहे हे पाहणे अधिकच गरजेचे झाले आहे. नवीन काही बसवले की दुसऱ्या दिवशी मी ऑटोरन्स उघडते आणि आदल्या वेळी जतन केलेल्या नोंदींशी ताडून पाहते. तशी सोय त्याच्या ‘फाइल’ मेनूत आहे, आणि वाढलेल्या ओळी तो वेगळ्या रंगात दाखवतो.

सध्या यादीत जेवढी नावे आहेत त्यांतल्या प्रत्येकापुढे घरातल्या कोणाचे तरी नाव सांगता येते, एक सोडून. फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्येच आहे, डिजिटल सही वैध आहे, कंपनी ध्वनीचे चिप बनवणारी आहे, आणि घरातल्या कोणालाही तो कशासाठी आहे ते ठाऊक नाही. तो बंद केल्यावर आवाज येतो, माइक चालतो, आप्पांच्या नातीचा अमेरिकेहून येणारा व्हिडिओ कॉलही नीट होतो. त्याला डिसेबल करून ठेवले आहे. दिवाळीपर्यंत कोणाची तक्रार आली नाही, तर अनइन्स्टॉल करीन.